वालचंद हिराचंद : जहाज, विमान आणि मोटार बनवायला निघालेला सोलापूरकर, आणि तुमच्या पहिल्या गाडीसाठी त्याच्या आयुष्यातले धडे

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये ऑप्शन फॉर्म भरला असेल, तर 'वालचंद, सांगली' हे नाव तुम्ही नक्की वाचलंय. लहानपणी रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या असतील. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीत बसला असाल, किंवा निदान जुन्या हिंदी सिनेमात ती पाहिली असेल. या तिन्ही गोष्टींच्या मागे एकच माणूस आहे : वालचंद हिराचंद दोशी.

या साइटवर आपण बहुतेक वेळा फोन, अ‍ॅप आणि गॅजेट्सबद्दल बोलतो. आज एका माणसाबद्दल बोलू, आणि त्याच्या निमित्ताने गाडीबद्दलही. आमच्या वाणगाव-बोईसर पट्ट्यात हल्ली घरातली पहिली गाडी घेणारे खूप जण दिसतात. कोणी तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करतं, कोणाची मिरचीची शेती आहे, कोणी रोज लोकलने मुंबईला जातं. गाडी घेण्याआधी फीचर, मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन सगळं बघून होतं. पण गाडी घरी आल्यावर तिला चालू ठेवण्यासाठी काय लागतं, याचा विचार मात्र पहिलं मोठं बिल आल्यावर सुरू होतो. वालचंदांना हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी पडला होता, आणि तोही एका गाडीबद्दल नाही, अख्ख्या देशाच्या गाड्यांबद्दल.

सोलापूरचा मुलगा, बार्शीची रेल्वे

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घर गुजराती दिगंबर जैन. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. शाळा सोलापुरात झाली, पुढचं शिक्षण मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज इथे. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यात त्यांचं मन रमेना. माल इथून घ्यायचा आणि तिथे विकायचा, यापेक्षा काहीतरी उभं करावं अशी त्यांची ओढ होती.

ती संधी रेल्वेमुळे मिळाली. लक्ष्मण बळवंत फाटक नावाच्या गृहस्थांनी रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारी सुरू केली होती. फाटकांना कामाची आतून माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस होतं. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. पुढे कामं वाढत गेली. १९२०च्या दशकात बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं अवघड काम त्यांच्या कंपनीने केलं. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. एचसीसी या नावाने ती आजही धरणं, पूल आणि बोगदे बांधते.

ठेकेदारीने त्यांना एक सवय लावली. काम वेळेत संपवायचं तर मशीन बंद पडून चालत नाही. क्रेन किंवा पंप बंद पडला की मजूर बसून राहतात आणि पैसा जात राहतो. मशीनची किंमत दोन भागांत मोजावी लागते : विकत घेताना दिलेले पैसे, आणि ते चालू ठेवायला रोज लागणारे पैसे. गाडीचंही तसंच आहे. शोरूममधला आकडा हा फक्त पहिला भाग. विमा, सर्व्हिस, टायर, बॅटरी, पेट्रोल हा दुसरा भाग, आणि तो गाडी विकेपर्यंत चालू राहतो. ईएमआय ठरवताना पगारातून फक्त हप्ता वजा करू नका. हे सगळे खर्च महिन्यावर आणून तेही वजा करा. मग जो आकडा उरतो, त्यात घर चालतंय का ते बघा.

२८ वर्षांचं जुनं जहाज

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताच्या किनाऱ्यावरची आणि परदेशाची जहाज वाहतूक जवळजवळ पूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यात होती. माल भारतीयांचा, बंदर भारताचं, पण भाडं ठरवणार लंडनवाले. १९१९ मध्ये वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरचे महाराज शिंदे यांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायला आहे. युद्धात ते हॉस्पिटल जहाज म्हणून वापरलं गेलं होतं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन त्यांनी ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. ५ एप्रिल हा दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो, तो याच प्रवासामुळे.

पण या जहाजाची दुसरी बाजूही आहे. ते १८९१ मध्ये बांधलेलं होतं. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने त्याने पॅसिफिक महासागरात अनेक वर्षं फेऱ्या मारल्या होत्या. वालचंदांच्या हातात आलं तेव्हा त्याचं वय २८ होतं. १९२३ मध्ये ते भंगारात निघालं. म्हणजे नव्या मालकांकडे ते जेमतेम चार वर्षं राहिलं. कंपनी टिकली ती या एका जहाजावर नाही. तिने पुढे आणखी जहाजं घेतली, आणि ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला तरी तग धरला, म्हणून टिकली.

जुनं वाहन घेणं चुकीचं नाही. सिंदियासारखी मोठी कंपनीही जुन्या जहाजावरच सुरू झाली. फक्त त्याचं वय आणि उरलेलं आयुष्य किती, हे घेण्याआधी माहीत हवं. सेकंड हॅंड गाडी बघायला जाल तेव्हा एवढं तरी कराच :

- गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर टाका. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे, ते बघा. आरसी बुकवर मालक कितवा आहे तेही तपासा.
- इंजिन थंड असताना स्टार्ट करा. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. सुरू होताना येणारा खडखडाट आणि सायलेन्सरमधला निळा धूर थंड इंजिनवरच पकडता येतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.
- पायाखालची मॅटिंग उचलून वास घ्या. सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्यांना हात लावा. कुबट वास आणि गंज दिसला, तर गाडी पाण्यात बुडाली असण्याची शक्यता असते.
- टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा. ३२२१ असेल, तर तो टायर २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होतं.

गाडी भारतात जोडलेली, पण भारतात बनलेली नाही

१९३०च्या दशकात भारतात गाड्या होत्या. राजे, डॉक्टर, वकील, व्यापारी त्या वापरत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता आणि पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत काम सुरू केलं होतं. पण या कारखान्यांत गाडी बनत नव्हती. परदेशातून पेट्यांमध्ये सुटे भाग यायचे, इथे ते नट-बोल्ट लावून जोडले जायचे. या पद्धतीला सीकेडी म्हणतात, म्हणजे पूर्ण सुटी केलेली गाडी.

तुमच्या फोनचं उदाहरण घ्या. मागच्या बाजूला 'मेड इन इंडिया' लिहिलेलं असतं. पण कित्येक फोनमधली चिप, डिस्प्ले, कॅमेरा सेन्सर बाहेरून येतात आणि इथे त्यांची जोडणी होते. जोडणी हीसुद्धा सुरुवात असते आणि तिने रोजगारही मिळतो. पण डिस्प्ले फुटला आणि बाहेरून येणारा भाग थांबला, तर तुमचा फोन तसाच पडून राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला डिपेंडन्सी म्हणतो. तुमचा कोड चालतो, पण ज्या लायब्ररीवर तो उभा आहे ती दुसऱ्याच्या हातात असते. त्याने ती बंद केली की तुमचं अ‍ॅपही बंद.

वालचंदांना गाडीतली ही डिपेंडन्सी तोडायची होती. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल हळूहळू इथेच बनावेत, आणि कारखान्याची मालकी भारतीयांची असावी. थोर इंजिनिअर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही त्याच विचाराचे होते. १९३०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी परदेशातले मोटार कारखाने पाहून भारतासाठी योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलून धरली. मोटार कारखाना एकटा उभा राहत नाही. त्याच्याभोवती टायर, बॅटरी, काच, स्प्रिंग, ओतकाम, रंग असे शेकडो छोटे कारखाने उभे राहतात. तारापूर एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीच्या आजूबाजूला किती छोटी युनिट्स चालतात, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

फोर्ड, क्रायसलर आणि महायुद्ध

योजना कागदावर छान होती, पण तंत्रज्ञान कोण देणार? फोर्डशी बोलणी जमली नाहीत. फोर्डचा भारतातला धंदा तिच्या कॅनडातल्या कंपनीच्या हातात होता. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले आणि क्रायसलरशी त्यांचं जमलं. क्रायसलरने तंत्रज्ञान आणि मदत द्यायची, कारखाना भारतीयांचा.

पण तोपर्यंत दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. मुंबई प्रांतातल्या काँग्रेस सरकारची या योजनेला सहानुभूती होती, पण १९३९ च्या अखेरीस त्या सरकारने राजीनामा दिला. दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने नव्या कारखान्याला हात द्यायची तयारी दाखवली नाही. मशिनरी आणायला डॉलर लागत होते आणि त्यांची परवानगी सरकारच्या हातात होती. युद्धासाठी गाड्या हव्या होत्या, पण त्या परदेशी कंपन्यांकडून घेतल्या गेल्या.

याच प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू झाली. १९४२ मध्ये सरकारने युद्धाच्या गरजेपोटी वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कंपनी त्यांच्या हातून गेली. आज तेजस लढाऊ विमान बनवणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजेच एचएएल हे त्याच रोपट्याचं झाड. १९४१ मध्ये सिंदियाने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. त्याची कोनशिला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज मार्च १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

युद्धकाळात सामान्य गाडीवाल्यांचे हाल झाले. पेट्रोलवर रेशन आलं. आयात थांबल्यामुळे स्पेअर पार्ट मिळेनात. बसच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर इंजिन चालवलं जाई. बाहेरून आलेल्या मशीनवर अवलंबून राहणं म्हणजे काय, हे लोकांना तेव्हा रस्त्यावरच कळलं. वालचंद जे आधीपासून सांगत होते, त्याचा याहून मोठा पुरावा नव्हता.

म्हणून गाडी निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो स्पेअर पार्टचा. तुमच्या गावापासून अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? वाणगावकराने बघायचं की त्या कंपनीचं काम बोईसर-पालघरला होतं, की वापी-वसई गाठावी लागते. पुढचा बंपर, साइड मिरर आणि हेडलाइट यांची किंमत शोरूमलाच विचारा, कारण शहरातल्या गर्दीत आधी तेच फुटतात. विक्री बंद होत आलेलं मॉडेल मोठ्या सवलतीत मिळत असेल, तर पाच वर्षांनी त्याचा पार्ट कुठून आणाल, याचं उत्तर आधी शोधा.

कुर्ल्यातून निघालेली गाडी

१९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्येच स्थापन झाली होती, म्हणजे आता दोन भारतीय कंपन्या मैदानात होत्या. मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिलं वाहन बाहेर पडलं. क्रायसलरच्या करारामुळे डॉज, प्लायमथ, डिसोटो या गाड्या आणि फार्गो ट्रक इथून निघू लागले.

सुरुवात जोडणीनेच झाली, त्याला इलाज नव्हता. पण फरक मालकीचा होता. कोणता भाग आधी इथे बनवायचा, हे आता मुंबईत ठरू शकत होतं. काही वर्षांनी सरकारनेही तेच धोरण घेतलं. जे इथे हळूहळू संपूर्ण गाडी बनवण्याचा कार्यक्रम राबवतील, त्यांनीच धंदा करावा. फक्त जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५०च्या दशकात इथलं काम गुंडाळलं.

आणखी एक अडचण होती. अमेरिकन गाड्या लांबरुंद आणि पेट्रोल पिणाऱ्या. इथल्या खिशाला छोटी गाडी हवी होती. म्हणून १९५१ च्या सुमारास प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हात मिळवला. आधी छोटी फियाट ५०० आली, आणि १९५४ मध्ये फियाट ११००. नवीन गाडी घेताना तुम्हीही हाच हिशोब करा. वर्षातले ३४० दिवस गाडीत किती माणसं बसतात आणि ती किती किलोमीटर फिरते? उरलेल्या २५ दिवसांच्या गावच्या ट्रिपसाठी मोठी गाडी घेऊन रोज तिचं पेट्रोल भरायचं का?

जे बघायला ते राहिले नाहीत

फियाट ११०० रस्त्यावर आली, तेव्हा वालचंद हयात नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते धंद्यातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. वय ७०. विमान कंपनी सरकारकडे गेली होती, जहाजाच्या कारखान्याचा ताबाही १९५२ मध्ये सरकारकडे गेला होता. मोटारीचा कारखाना तेवढा कुटुंबाकडे राहिला आणि तो भाऊ लालचंद यांनी पुढे नेला.

त्याच फियाट ११०० ची पुढची आवृत्ती १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या खाली बाजूला गिअरचा दांडा. लायसन्स राजच्या काळात ती बुक केल्यावर वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलली आणि काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी हे समीकरण झालं. या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

म्हणजे कारखाना थांबल्यानंतरही ही गाडी वीसेक वर्षं रोज धंदा करत होती. हे जमलं, कारण तिचे पार्ट इथेच बनत होते, आणि गल्लीतल्या मेकॅनिकला तिचा प्रत्येक नट तोंडपाठ होता. वालचंदांना हवं होतं ते हेच.

पद्मिनीवाला काय करायचा, आणि तुम्ही काय करायचं

पद्मिनीच्या मालकाला गाडी समजून घ्यावीच लागे. आजची गाडी आपलं बरंच काम स्वतः करते, पण गाडीच्या मूळ गरजा त्याच आहेत.

पाणी. जुना ड्रायव्हर रोज सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी बघायचा. आता बंद सिस्टीम आणि कूलंट आहे. महिन्यातून एकदा टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का, एवढंच बघा. कमी झालं तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कूलंट घाला. बोअरवेलचं पाणी नको, त्यातले क्षार आत साचतात. इंजिन गरम असताना झाकण कधीच उघडू नका. आत दाब असतो, आणि दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. टेंपरेचरचा काटा वर गेला तर बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि अर्धा तास तरी वाट बघा.

ऑइल. इंजिनमधले धातूचे भाग एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. ते काळाने आणि उष्णतेने खराब होतं. बहुतेक पेट्रोल गाड्यांना साधारण १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ते बदलायचं असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. वर्षात ४,००० किलोमीटरच फिरली म्हणून सर्व्हिस टाळू नका. स्टेशनपर्यंत जाऊन परत येणारी गाडी नीट गरमच होत नाही, आणि तिचं ऑइल उलट लवकर खराब होतं.

ठिणगी. पद्मिनी खोकायला लागली की प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, पॉइंटमधलं अंतर नीट करायचं, कार्बोरेटर साफ करायचा. आता हे सगळं कॉम्प्युटर सांभाळतो. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतो, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की गाडीतला दोष तुमच्या फोनवर कोडच्या रूपात दिसतो. उदाहरणार्थ पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. दुरुस्ती मेकॅनिककडूनच करून घ्या, पण कोड माहीत असला की तो नेमकं काय बदलतोय आणि का, हे विचारता येतं. कोड पुसून टाकला म्हणजे दोष गेला असं मात्र नाही.

ब्रेक आणि टायर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. आपल्यासारख्या दमट किनारपट्टीवर तर आणखीच. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलतात, मॅन्युअल बघून घ्या. टायरमधली हवा १५ दिवसांतून एकदा, गाडी थंड असताना भरा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या पोऱ्याला तो तुम्ही सांगा, त्याने ठरवायचा नाही. स्टेपनी विसरू नका.

पाऊस आणि खारा वारा. पावसात पालघर जिल्ह्यातले रस्ते कसे होतात ते तुम्हाला माहीत आहे. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर आतला रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टोइंग बोलवा. नेहमीच्या विम्यात हे नुकसान बऱ्याचदा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं, जूनच्या आधी पॉलिसी उघडून बघा. चिंचणी किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर गाडी नेली असेल, तर घरी आल्यावर चाकांच्या आतून आणि खालून गोड्या पाण्याने धुवा. रंग वरून चमकत असतो, गंज खालून लागतो.

नोंद ठेवा. फोनमधल्या नोट्समध्ये तारीख, किलोमीटर, काय बदललं आणि किती पैसे लागले, एवढं लिहायचं. बिलाचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकायचा. पार्ट घेताना पक्कं बिल घ्या आणि काढलेला जुना पार्ट बघायला मागा. चार वर्षांनी गाडी विकायला काढाल, तेव्हा घेणाऱ्याला ती कशी ठेवली होती हे या नोंदीतून दाखवता येईल.

थोडक्यात

वालचंदांनी शिडाची पदवी घेतली नव्हती, विमानाची नाही, मोटारीचीही नाही. त्यांच्याकडे होतं ते ठेकेदाराचं व्यवहारज्ञान. मशीन बंद पडल्यावर ते सुरू करायची सोय आपल्या हातात नसेल, तर ते मशीन पूर्णपणे आपलं नसतं. या एका विचारामागे त्यांनी आयुष्याची वीसेक वर्षं घातली. कुर्ल्याच्या गाडीचा सुवर्णकाळ त्यांनी पाहिला नाही, पण त्या गाडीने मुंबईत हजारो घरं चालवली.

तुमच्याकडे अख्खा देश चालवायची जबाबदारी नाही, एक गाडी आहे. येत्या रविवारी अर्धा तास काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये तसंच पडून असलेलं मॅन्युअल उघडा, कूलंटची पातळी आणि टायरची हवा बघा, शेवटची सर्व्हिस कधी झाली ते फोनमध्ये लिहून ठेवा. एवढं केलं की घरातली पहिली गाडी कागदावर तर तुमची असेलच, चालवायलाही तुमची राहील.